आंद्याची शाळा आणि आमच्या ताईची शाळा

घरात पुस्तक आणले की ते कोणी तरी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायचे असते, अशी आपली समजूत झालेली आहे. शिकणारा मुलगा आपल्या अभ्यासाचे वाचतो, म्हातारी माणसे ओट्यावर बसतात, बायका कामात असतात आणि पुरुष मंडळी थकून आलेली असतात. सगळ्या घराने मिळून एक कादंबरी वाचावी, हे आपल्या वस्तीत फारसे घडत नाही. आमच्या घरी ते एकदा घडले. 1991 सालचा पावसाळा होता आणि पुस्तक होते आनंद यादव यांचे 'झोंबी'. त्या पुस्तकाने आम्हाला पोट धरून हसवले आणि आमच्या घरात वीस वर्षे झाकून ठेवलेली एक गोष्ट उघडी केली. वाचकहो, ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

पुस्तक कोणते, लेखक कोण

आनंद यादव यांचा जन्म 1935 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथे झाला. घर गरीब शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. पुढे ते पुण्यात विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले आणि 2016 साली त्यांचे निधन झाले. आपल्या लहानपणावर त्यांनी लिहिलेली 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी 1987 साली प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे यांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' हे तिचे पुढचे भाग.

गोष्ट साधी आहे. आंद्याला शाळेत जायचे आहे आणि त्याच्या बापाला तो शेतात हवा आहे. बापाला घरात 'दादा' म्हणतात. दादाने त्याला पाचवीतून काढून कामाला जुंपले आहे. दादा स्वतः मात्र दिवसभर गावात हिंडणारा. गुऱ्हाळ तो सगळ्यांच्या आधी लावतो, कारण तेव्हा बाजारात गूळ कमी असतो आणि भाव चांगला येतो. पोराने ऊस तोडायचा, म्हशी राखायच्या, पिकाला पाणी द्यायचे. एवढे करूनही शेतीतून काही हाती लागत नाही, हे त्या लहान पोराला कळून चुकलेले असते. आजोबाच्या वेळी जे होते ते बापाच्या वेळी राहिले नाही, मग आपल्या वेळी काय राहणार? शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हातात येतील, हा त्याचा हिशेब. शिक्षणावरची मोठमोठी भाषणे त्याने ऐकलेली नसतात. त्याला पोटाचा हिशेब समजलेला असतो.

सूप, जर्दा आणि वाचन

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते पुस्तक मला मिळाले. त्या वेळी बाबा मिलमधून नुकतेच रिटायर झाले होते. दिवसभर घरात बसून त्यांचा जीव वैतागून जाई. डोळ्यांना कमी दिसत असल्याने त्यांना वाचता येत नव्हते. एका संध्याकाळी ते म्हणाले, "एकटाच काय वाचून राहिला बे? मोठ्यानं वाच, आमालेबी ऐकू दे."

असे ते सुरू झाले. जेवणे आटोपली की बाबा खाटेवर, आजी भिंतीला टेकून, माय चुलीपाशी आणि मी दिव्याखाली. आमची मोठी ताई दोन गल्ल्या सोडून राहत होती. तीही आपले सूप घेऊन येऊ लागली. सुपात तेंदूची कापलेली पाने, जर्दा आणि दोऱ्याची गुंडी. हात बिडी वळत आणि कान माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी हजार बिडी मोजून द्यायची असल्यामुळे तिला हात थांबवता येत नसत. पण तिचे म्हणणे असे की वाचन सुरू असले म्हणजे बिड्या लवकर होतात.

ताईचे म्हणणे अगदी खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. क्यूबा देशात सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस असतो. ही पद्धत तिथे 1865 सालापासून आहे. त्याची मजुरी कामगार आपसात वर्गणी करून देत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. 'माँटे क्रिस्टो' ही कादंबरी तिथल्या कामगारांना इतकी आवडली, की पुढे एका सिगारलाच ते नाव मिळाले. तंबाखू वळणारे हात जगात सगळीकडे सारखेच, आणि गोष्टीची भूकही सारखीच.

कोल्हापूरची बोली आणि आमची आजी

पहिले दोन दिवस भाषेने फार गंमत केली. पुस्तकातली माणसे कागलकडची बोली बोलतात. आजी म्हणाली, "हे कोणच्या देशाचं बोलणं हाये बाप्पा?" मग मी दोन्हींकडचे शब्द लावून दाखवू लागलो. त्यांची शेणी म्हणजे आपली गोवरी. त्यांचे पोरगे म्हणजे आपला पोट्टा. ते 'मला' म्हणतात तिथे आपण 'मले' म्हणतो. चार दिवसांत आजीचा कान बसला आणि मी अडखळलो तर तीच मला अर्थ सांगू लागली. आजी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. मोट तिने पाहिलेली, म्हशी राखलेल्या. आम्हा शहरात वाढलेल्यांना जे समजत नव्हते, ते तिला न सांगता समजत होते.

आंद्या पुन्हा शाळेत जातो तो प्रसंग आजीने दोनदा वाचायला लावला. वर्गातली मुले लहान, हा थोराड. चव्हाण नावाचे एक खोडकर पोर त्याच्या डोक्याचा गमछा ओढून घेते, मास्तरांची नक्कल करते आणि तो गमछा टेबलावर नेऊन ठेवते. आजी हसता हसता डोळे पुसू लागली. हसू होते की रडू, ते तिलाही सांगता आले नसते.

पण हळूहळू वर्ग आंद्याचा होतो. वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा असतो. त्याचे पाहून तो पुस्तकांना कव्हरे घालतो, मन लावून गणिते करतो आणि दोघांची दोस्ती जमते. मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारतात. घरी 'आंद्या' ऐकण्याची सवय झालेल्या पोराला आपले नाव असे पुरते उच्चारलेले ऐकून काय वाटले असेल, ते ज्याला त्याला ठाऊक. आपल्या वाडवडिलांची नावे गावाने कशी मोडून घेतली होती ते आठवले, म्हणजे या एका गोष्टीची किंमत कळते.

मराठी शिकवणारे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभाव करून शिकवतात. आंद्या त्या कविता शेतात पाणी देताना मोठमोठ्याने म्हणतो आणि नाचतो. आधी त्याला शेतात एकटे राहण्याचा कंटाळा येई. आता वाटते, कोणी येऊच नये. मास्तरांनी आपल्या दारावरच्या मालतीच्या वेलावर कविता केलेली तो वाचतो, आणि कवी हाही आपल्यासारखा हाडामासाचा माणूस असतो हे त्याला उमजते. मग तो स्वतः कविता जुळवू लागतो. जवळ कागद-पेन्सिल नसली की काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, नाहीतर खड्याने दगडावर लिहितो. म्हशीच्या पाठीची ही गोष्ट वाचली तेव्हा ताईचे हात पहिल्यांदाच थांबले.

गावाच्या आत आणि गावाच्या बाहेर

एका रात्री आजीने असा प्रश्न विचारला की सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "लेकरू गुणाचं हाये. पण त्याच्या वर्गात आपला पोट्टा असता तर मास्तरनं त्याले कुठी बसवला असता?"

आजीचा प्रश्न बरोबर होता. खेड्यातल्या जुन्या दिवसांवरचे पुस्तक आपण वाचतो तेव्हा हा प्रश्न आपल्या मनात येणारच. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाण्यावाचून राहावे लागे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट सुनावले, की खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे घर आहे. आपले वाडवडील खेडी सोडून नागपूरच्या मिलमध्ये का आले, याचे उत्तरही त्यातच आहे.

मग 'झोंबी' वाचून आपण आनंद का मानावा? मी त्या रात्री आजीला धड उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढे सांगू शकतो, की आपण आनंद मानला तो त्या गावाचा नव्हता, त्या पोराचा होता. लेखकानेही गावाचे गुणगान केलेले नाही. गरिबी, मारझोड, बायकांचे कष्ट, बापाची मनमानी, सगळे जसेच्या तसे मांडले आहे. गावकुसाच्या आत राहणाऱ्या गरिबाच्या घरातही पोराला पुस्तकासाठी एवढे झगडावे लागत होते, तर गावकुसाबाहेरच्या पोराचे काय झाले असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. ते आपल्या लेखकांनी लिहूनच ठेवले आहे. 'झोंबी'च्या शेजारी ती पुस्तके ठेवून वाचावीत, म्हणजे गावाची दोन्ही अंगे दिसतात.

ती रात्र

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आंद्याची हिंमत बापापुढे बोलण्याची नसते. आई गोवऱ्या थापत असते, तेव्हा तो तिच्याजवळ मन मोकळे करतो. मग मायलेक रात्री दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात. गावात त्यांचा शब्द चालतो. ते दादाला बोलावून घेतात आणि खडसावतात. दादा पोराच्याच चुका सांगू लागतो, की हा गोवऱ्या विकतो, चारा विकतो, सिनेमा पाहतो. पण शेवटी त्याला कबूल करावे लागते. अट एवढीच, की अकरा वाजेपर्यंत शेतात राबायचे, तिथूनच दप्तर घेऊन शाळेत जायचे आणि सुटल्यावर गुरे चारायची. शेतात काम जास्त असले तर शाळा बुडवायची. पोरगा सगळ्याला हो म्हणतो.

मी रंगात येऊन वाचत होतो. बाबा खाटेवरून उठले आणि पाऊस पडत असतानाही बाहेर जाऊन उभे राहिले. मी थांबलो. ताई सुपाकडे पाहत म्हणाली, "वाच ना. काहून थांबला?"

ताईला 1972 साली सहावीतून काढले होते. ते दुष्काळाचे वर्ष. घरात खाणारी सात तोंडे आणि मिलचा एक पगार. ताई वर्गात पहिल्या पाचांत असे. पण मायच्या एकटीच्या बिडीने भागत नव्हते, म्हणून तिला मायच्या शेजारी बसवले. माझी शाळा मात्र थांबली नाही. ताईच्या बिड्यांवर माझ्या वह्या आल्या, हे मला लहानपणापासून माहीत होते. पण ते आमच्या घरात कधी कोणी बोलून दाखवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधीच बाबा बोलले. "दर चौदा एप्रिलले मी वस्तीतल्या पोट्ट्यांना रामजीबाबाची गोष्ट सांगतो. पोराले पुस्तक पाह्यजे म्हणून बापानं दागिना गहाण टाकला. अन् माह्या घरी माह्या पोरीचं दप्तर मीच काढून घेतलं. चुकलं माह्यं, बाई."

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सुभेदार रामजी पेन्शनवर जगत होते. भीमरावांना पुस्तक हवे झाले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे मागत, नाहीतर त्यांचा एखादा दागिना घेऊन गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून आणत.

ताईने बिडीला दोरा बांधला. मग शांतपणे म्हणाली, "दागिने पोरींचेच होते ना, बाबा."

कोणी काही बोलले नाही. रामजीबाबांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, आणि त्या बहिणींनी आनंदाने दिले असेल. पण आपल्या घराघरांत जो शिकला, त्याच्या मागे न शिकलेली एखादी बहीण असते. तिचे नाव कोणी भाषणात घेत नाही, हे मला त्या रात्री ताईच्या एका वाक्याने शिकवले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "झालं ते झालं. आता पुढचं वाचू द्या त्याले."

बाबा झाले दत्ताजीराव

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. ताईची मोठी मुलगी त्या वर्षी सातवीत होती. तिच्या घरी बोलणे चालू होते, की पोरीला शाळेतून काढून बिडीवर बसवावे. दोघी मिळून वळतील तर घराला हातभार लागेल. ताईचा जीव होत नव्हता, पण घरात तिचे चालत नव्हते. तिने आम्हाला हे सांगितले नव्हते. 'झोंबी' संपत आली त्या आठवड्यात तिने मायला सांगितले आणि मायने बाबांना.

बाबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मला बरोबर घेऊन ते जावयाकडे गेले. चहा झाला. बाबांचा स्वभाव तापट, त्यामुळे मला भीती होती. पण ते आवाज न चढवता बोलले. "जावईबापू, पोरीले शाळेतून काढू नका. हे काम माह्या हातून एक डाव झालं हाये. वीस वर्षं झाली, अजून मनातून जात नाही. तुमच्या हातून नको व्हायले. वह्या-पुस्तकाचं मी पाहीन."

जावई भले माणूस. त्यांचाही दोष नव्हता, परिस्थितीच तशी होती. ते म्हणाले, "पाहू." पण पोरीची शाळा थांबली नाही. सकाळी ती आईला पाने कापून देई आणि मग शाळेत जाई. आंद्यासारखीच अट. दहावीला ती पहिल्यांदा गणितात नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. आज ती अंगणवाडी सेविका आहे. तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि मुलगी नर्सिंगला.

बाबा आता नाहीत, आजीही नाही. 'झोंबी'ची ती प्रत ताईकडे आहे. पुठ्ठा निघालेला, पानांना तंबाखूचा वास. त्या वेळी शेवटचे प्रकरण ताईने स्वतः वाचून दाखवले होते. ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षराला थांबत थांबत. एक तास लागला. आम्ही कोणी जागेवरून उठलो नाही.

आपण काय वाचावे

ज्यांना आपल्या घरी असे वाचन सुरू करायचे असेल, त्यांनी 'झोंबी'पासून सुरुवात करावी. पुस्तक जाड आहे, पण त्याची भीती बाळगू नये. रोज दहा-पंधरा पाने पुरेत.

त्याच्या जोडीला प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979) घ्यावे. मराठवाड्यातल्या एका पोरक्या मुलाने भूक सोसत शिक्षण कसे केले, याची ती हकीकत आहे. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986) घरातल्या मुलींना जरूर ऐकवावे. सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावची आपली मुलगी शिकून शिक्षिका झाली, ती ही. 1990 साली दूरदर्शनवर आलेली 'नाजुका' मालिका त्याच पुस्तकावरची. ताईला 'झोंबी'नंतर मी हेच आणून दिले आणि ते तिने कोणाच्या मदतीशिवाय वाचले. आपल्या नागपूरचे पुस्तक हवे असेल तर वसंत मून यांचे 'वस्ती' (1995) आहे. बाबासाहेबांचे ग्रंथ संपादित करणारा माणूस सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात कसा वाढला, ते त्यात आहे. त्यातल्या गल्ल्या आणि माणसे वडीलधाऱ्यांना ओळखू येतील.

ही पुस्तके दीक्षाभूमीवर भरणाऱ्या स्टॉलवर मिळतात, वाचनालयातही मिळतात. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडवले ते आपण जाणतो. मुलगा-मुलगी पास झाली की पेढे वाटावेत, पण सोबत एक पुस्तकही द्यावे.

आज प्रत्येक हातात मोबाईल आहे. तो अर्धा तास बाजूला ठेवा. वाचता येणाऱ्याने वाचावे, बाकीच्यांनी हातातले काम चालू ठेवून ऐकावे. आणि वाचन झाले की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, "तुमची शाळा कोणत्या वर्गात सुटली?" मग ती काय सांगते ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.